भोंग्याच्या गाडीतली वासरं

सुई मानेच्या शिरेत शिरली तरी वासरू हललं नाही. उलट त्याने मान वळवून तिच्या कोपराला तोंड लावलं आणि ॲप्रनची बाही चोखायला सुरुवात केली. तिने नळी रक्ताने भरू दिली, सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि वासराच्या कानातला बिल्ला पुन्हा एकदा पाहिला. मग शेडच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं.

नुकती उतरवलेली वासरं अशी नसतात. दहा-बारा दिवसांचं पोर, आईपासून तोडलेलं, दोन-तीन तास हादरे खात आलेलं. ते थरथरतं, शेपूट पायांत घालतं, दुधाची बादली पुढे केली तरी तोंड फिरवतं. पलीकडच्या कप्प्यात सकाळी दुसऱ्या ट्रकने आलेली वासरं तशीच होती, भिंतीला अंग लावून, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून. ही मात्र पेंढ्यात पाय दुमडून बसली होती. एक तर झोपलंच होतं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिला योगायोग वाटला होता. आता तसं म्हणायची सोय उरली नव्हती. या ट्रकची प्रत्येक खेप अशीच उतरत होती. आणि या ट्रकचा ड्रायव्हर तिचा बाप होता.

आवारात त्याला सगळे भोंगा म्हणत. अर्थात समोर नाही. वजनकाट्यापाशी उभा राहून तो बोलला तर पार दूध थंड करायच्या टाक्यांपर्यंत ऐकू जायचं, आणि तो बोलायचा तेव्हा बहुधा कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असायचं. लोक हसायचे. भोंगा वाजला, चला, चहाची वेळ झाली, असं म्हणायचे. तिला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नव्हतं. लोकांना तो भोंगा लांबून ऐकावा लागे. ती, तिची आई आणि धाकटा भाऊ त्याच्या आत राहिले होते.

लहानपणी ट्रक कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला की आई रेडिओ बंद करायची. ही दोघं वह्या उचलून मागच्या खोलीत जायची. जेवणात मीठ जास्त पडलं, दाराची कडी नीट लागली नाही, चप्पल उलटी पडली. त्याला ओरडायला कुठलंही कारण चाले. हात तो क्वचितच उगारायचा. त्याची गरजच पडत नसे. धाकट्याला समोर उभं करून तो विचारायचा, आज शाळेत काय शिकवलं, आणि धाकटा पहिल्याच अक्षरावर अडकायचा. बोल. बोल की लवकर. तो जितकं लवकर म्हणे तितकं ते अक्षर घशात रुतून बसे. धाकटा आता दूरच्या शहरात घड्याळं दुरुस्त करायचा. घरी फोन करायचा तो दुपारी, बाप कामावर असताना. अजूनही अडखळायचा.

आणि इथे पेंढ्यात एक वासरू ढाराढूर झोपलं होतं. तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली ती जरा जोरातच. नळी हातातून निसटता निसटता राहिली.

पावडरीचा प्रयोग तिचाच होता. ती या केंद्राची डॉक्टर. आसपासच्या गोठ्यांवर जन्मलेली वासरं इथे आणून वाढवायची, पुढे ती दुभती झाली की परत गोठ्यांवर पाठवायची, असं इथलं काम. पण प्रवासाचा ताण बसला की वासरांची पोटं बिघडत, हगवण लागे, आणि दर हिवाळ्यात त्यातली काही जात. हातात जीव सोडणारं वासरू किती हलकं असतं हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणून एका कंपनीने आतड्याला मानवणाऱ्या जिवाणूंची पावडर देऊ केली तेव्हा तिने स्वतः पुढाकार घेतला. निम्म्या वासरांना गोठ्यावर असतानाच दुधातून पावडर द्यायची, निम्म्यांना साधं दूध. मग इथे उतरली की रक्त तपासायचं, पोटावर लक्ष ठेवायचं. दोन ट्रक होते. दुसरा ट्रक चालवणारा तरुण गाडी हाकायचा नाही, उडवायचा. त्याला सगळे विमान म्हणत.

निकाल आले ते असे. विमानच्या ट्रकमध्ये पावडर घेतलेली वासरं साध्या दुधावरच्या वासरांपेक्षा बरीच बरी निघाली. भोंग्याच्या ट्रकमध्ये काही फरक नव्हता, कारण तिथे कुणाला काही झालेलंच नव्हतं. पावडरवाली मजेत, बिनपावडरवालीही मजेत.

कंपनीचा माणूस आला तो इस्त्रीच्या कपड्यांत आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून. केंद्राच्या साहेबांच्या खोलीत बसल्यावर त्याने आधी तिच्या कामाचं भरपूर कौतुक केलं, त्यावरूनच तिला कळलं की पुढे काहीतरी येतंय. दोन्ही ट्रकचे आकडे एकत्र केले की पावडरीचा गुण झाकला जातो, असं त्याचं म्हणणं होतं. हे ड्रायव्हर वासरांना वाटेत काही देतात का, असंही त्याने विचारलं, म्हणजे एखादं गुंगीचं वगैरे. नसेल तर प्रश्नच नाही. पण पुढच्या टप्प्यात सगळी वासरं दुसऱ्या ट्रकने आणली तर चित्र जास्त स्पष्ट होईल.

"तुमच्या वडिलांना तोवर खाद्याच्या पोत्यांच्या फेऱ्या देऊ," साहेब म्हणाले. "त्यांनाही जरा आराम."

"म्हणजे वासरांना त्रास झाला पाहिजे म्हणून ट्रक बदलायचा," ती म्हणाली.

"त्रास नाही हो," कंपनीचा माणूस समजुतीने म्हणाला. "नेहमीसारखा प्रवास."

तिने एका खेपेची मुदत मागून घेतली. मी स्वतः त्या ट्रकमधून जाऊन बघते, म्हणाली. खरं सांगायचं तर गुंगीच्या औषधाची शंका तिला त्याच्याही आधी आली होती. तिने त्या रक्तात तेही तपासून घेतलं होतं, आणि काही सापडलं नाही तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं होतं. बाप लबाडी करतोय हे पचवायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबिनमध्ये चढून बसली. कामासाठी येतेय एवढंच तिने सांगितलं होतं, आणि त्याने ये एवढंच म्हटलं होतं. गोठ्यापर्यंत दोघं काही बोलले नाहीत. तिला त्याची सवय होती. घरात तो बोलत नसला की ती वेळ सगळ्यात जपून घालवायची असे.

गोठ्यावर ती मांडीवर कागद आणि पेन्सिल घेऊन तयार राहिली. तो उतरला आणि आधी ट्रकमध्ये मागे जाऊन पेंढा हाताने उलटासुलटा केला, ओली जागा शोधून तिथला काढून टाकला. मग वासरांकडे गेला. गोठ्यावरचा गडी एका वासराला कान आणि शेपूट धरून ओढत आणत होता. आता भोंगा वाजणार म्हणून ती नकळत खांदे आवळून बसली. पण तो वाजला नाही. तो गड्याजवळ गेला, त्याच्या हातातून वासरू काढून घेतलं, एक हात छातीखाली आणि एक मांड्यांमागे घालून उचललं आणि चालायला लागला. चालताना त्याचे ओठ हलत होते. ती केबिनमधून उतरली आणि त्याच्यामागे गेली.

"चला हं," तो वासराला सांगत होता. "काही नाही. इथेच जायचंय. बस बाळा, बस."

हा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. तिला क्षणभर वाटलं, आणखी कुणीतरी बोलतंय. पण गडी मागेच राहिला होता, जवळ दुसरं कुणी नव्हतं. तोच तो रुंद पाठीचा, मानेवर घट्टे पडलेला माणूस; आणि तो एका वासराला बाळा म्हणत होता.

सगळी चढवून झाली तरी तो निघाला नाही. मागे त्यांच्यात तसाच उकिडवा बसून राहिला. एकेक वासरू हुंगायला आलं, त्याची बोटं चोखून गेलं, आणि मग एकेक करून खाली बसलं. शेवटचं बसल्यावर तो उठला, ट्रकचा मागचा फाळका वर उचलून हळूच टेकवला आणि हाताने दाबत दाबत खिट्टी आत सरकवली. आवाज झाला नाही.

परतीच्या वाटेला त्याने मोठा रस्ता सोडला आणि लांबचा पण नीट डांबराचा रस्ता धरला. वळण दिसायच्या आधीच त्याचा पाय वेग कमी करायला लागायचा. त्याच्या डोक्यामागे केबिनच्या भिंतीत जाळीची एक छोटी खिडकी होती. ती त्याने उघडी ठेवली होती, आणि अधूनमधून मान न वळवता तो तिकडे बोलत होता. आता डावीकडे वळतोय हं. पोचलोच. अर्ध्या वाटेवर झाडाखाली थांबून तो पुन्हा मागे जाऊन आला. तिने कागदावर काहीच लिहिलं नव्हतं. गुंगीचं औषध नव्हतं. कुठलीही युक्ती नव्हती. एका माणसाला घाबरलेल्या जिवाशी कसं वागायचं ते नीट येत होतं, एवढंच होतं.

तिला आजवर वाटत आलं होतं की काही माणसांना काही गोष्टी जमतच नाहीत, जसं काहींना गाता येत नाही. त्याचा गळाच तसा, त्याचं रक्तच तसं. या समजुतीवर तिने त्याला अर्धंमुर्धं माफही करून टाकलं होतं. आता ती माफी तिला परत हवी होती.

"हे कुठे शिकलात?" तिने विचारलं.

"काय?"

"असं हळू बोलायला."

त्याला प्रश्न अवघड वाटला असावा.

"ओरडलं की बिचकतात," तो म्हणाला. "एक बिचकलं की सगळी उठतात. मग पडतात, पाय मोडून घेतात."

"आम्हीसुद्धा बिचकायचो."

पुढे एक सायकलवाला होता. बापाने त्याला भरपूर जागा देऊन गाडी पुढे काढली.

"तुम्ही माणसं होता," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला बोलता येत होतं."

"धाकट्याला येत नव्हतं."

म्हणून झालं, आणि तिचा हात आपोआप दाराच्या दांडीवर गेला. आता तो ओरडेल. ओरडावं. इतक्या वर्षांत तिने त्याला असं एक वाक्य तोंडावर ऐकवलं नव्हतं, आणि त्याच्या उत्तराची तिने लहानपणापासून तयारी केलेली होती; तिच्याकडेही आता आवाज होता, नोकरी होती, स्वतःचं घर होतं. ती वाट बघत राहिली.

"पुढे खड्डा आहे," तो म्हणाला. "धरून बस."

ट्रक एका अंगाने खाली गेला आणि वर आला. तिच्या मांडीवरची पेन्सिलसुद्धा घरंगळली नाही. मागे कुणी उठल्याचा आवाज नाही. तिला त्या क्षणी इतका राग आला की डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. तिच्या आईने या माणसाबरोबर सगळं आयुष्य काढलं होतं, आणि खड्ड्याआधी धरून बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अहवालात तिने दोन्ही ट्रक लिहिले. प्रवास धसमुसळा असेल तर पावडरीने वासरं सावरतात, प्रवास सांभाळून केला तर सावरायला फारसं काही उरत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहिलं पाहिजे. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. कंपनीचा माणूस आधीच बसलेला होता. या वेळी त्याने कौतुक केलं नाही. आपल्या माणसाबद्दल ओढा असणं स्वाभाविक आहे, असं तो सौम्यपणे म्हणाला, पण शास्त्रात त्याला जागा नसते. साहेबांनीही मान डोलावली. रक्ताचं नातं असतं, आम्हाला कळतं, म्हणाले.

तिला हसूच आलं, पण ते तोंडापर्यंत पोचेतो कडू झालं. म्हणजे जगात कुणाला तरी वाटत होतं की ती बापाची बाजू घेतेय.

"त्यांना उद्या कामावरून काढलंत तरी मी एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि तिने तो थरथरू दिला. "पण त्यांच्या ट्रकमधून उतरलेली वासरं खरी आहेत. ती गाळायची असतील तर आधी माझं नाव गाळा."

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. तसा माणूस व्यवहारी होता. त्यांनी पावडर नको म्हटलं नाही, थोडी कमी घेऊ म्हणाले. कंपनीच्या माणसाने बॅग बंद केली ती जरा कमी सौम्यपणे. तो गेल्यावर साहेबांनी ठरवून टाकलं की विमानला भोंग्याच्या हाताखाली द्यायचं. महिनाभर. त्याला जे येतं ते यालाही येऊ दे. ही युक्ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती तिलाच दोनदा सांगितली.

दुपारी ती आईकडे गेली. बाप खेपेवर होता. आई खिडकीत बसून उशीचे अभ्रे शिवत होती, रेडिओ चालू होता. तिने सगळं सांगितलं: ट्रक, जाळी, बोटं चोखणारी वासरं. रागारागाने सांगितलं, एखादी चोरी पकडून आणल्यासारखं. आईला धक्का बसेल, निदान हातातली सुई थांबेल, असं तिला वाटलं होतं. सुई थांबली नाही.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"लग्नानंतर मला घेऊन आले ते ट्रकमधूनच. अनोळखी माणूस, अनोळखी रस्ता. आणि वाटेत मला झोप लागली. इतकी गाढ, की पोचल्यावर त्यांनाच उठवावं लागलं."

"मग?"

"मग काय," आईने दोरा दातांनी तोडला. "मग ते खाली उतरले."

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. सुरुवातीला मी वाट बघितली, आई म्हणाली, ट्रकमधला माणूस एक ना एक दिवस घरात येईल म्हणून. मग कधीतरी सोडून दिली. हे तिने सांगितलं ते भाजी महागली म्हणून सांगावं तसं. पण दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिने लेकीचा दंड धरला, आणि तो चांगलाच घट्ट धरला.

"धाकट्याला यातलं काही सांगू नकोस," ती म्हणाली. "बाप आहेच तसा, असं त्याने मनाशी ठरवलंय. तेवढ्या आधारावर उभा आहे तो."

लेकीने होकारार्थी मान हलवली. म्हणजे हेही आता आपणच सांभाळायचं. घरी परत जाताना तिने वाटेतला एक दगड लाथेने उडवला. तो भलताच जड निघाला. आठवडाभर ती लंगडत होती.

धाकट्याचा फोन त्याच आठवड्यात आला. दुपारीच. आईने त्याला एवढंच सांगितलं होतं की ताई बाबांबरोबर खेपेला गेली होती. त्याने इकडचं तिकडचं विचारलं. ती त्याच्या अडलेल्या शब्दांसाठी थांबत राहिली, नेहमीसारखी, आपल्याकडून एकही शब्द न पुरवता. मग तो म्हणाला,

"मागे गेलीस का? वासरांत?"

"नाही. पुढेच बसले होते. का?"

"मागून जास्त नीट ऐ... ऐकू येतं."

ती शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. ती टेकायची थांबली. धाकटा सावकाश सांगत गेला. शाळेला सुट्टी असली की मी जायचो. सकाळी ट्रक निघायच्या आधी फाळक्यावरून चढून पेंढ्यात. आईला वाटायचं मित्राकडे गेलोय. जाताना एकटा असायचो, येताना वासरं असायची. आणि बाबा त्या जाळीतून बोलत यायचे.

"बाळा म्हणतात ना ते," तो म्हणाला. "मी धरून चालायचो की मला म्हणतायत."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यांना माहीत होतं?"

तिकडून काही आलं नाही. या वेळी तो शब्द अडला म्हणून गप्प नव्हता, हे तिला कळलं.

"गोठ्यावर गाडी थांबली की मी लगेच उतरून कडब्याच्या गंजीमागे लपायचो, मग निघायच्या आधी ते उगाच पाणी प्यायला जायचे, तेवढ्यात मी परत चढायचो. वाटेत थांबले तरी मागे यायचे नाहीत, जाळीतूनच बोलायचे. आणि आवारात पोचलो की फाळका उघडायच्या आधी चहाला. मी उतरून जाईपर्यंत यायचे नाहीत. दर वेळी."

"म्हणजे माहीत होतं."

"हो. असणार."

आणि रात्री जेवताना त्याच मुलाला समोर उभं करून, बोल, बोल की लवकर. तिच्या हातातला फोन गरम झाला होता. दुपारी त्याच माणसाने त्याला तासभर बाळा म्हटलेलं असायचं, माहीत असून, जाळीआडून, तोंड न दाखवता. ज्याला हे करता येतं त्याने दुसरं का करावं? तिच्या डोक्यात एवढंच एक वाक्य फिरत राहिलं.

"ताई, रागावलीस?"

"हो."

"मी पण," धाकटा म्हणाला. जरा थांबून पुढे म्हणाला, "तरी जायचो मी."

विमानची शिकवणी सुरू झाली त्या सकाळी ती शेडमध्ये दुधाच्या बादल्या लावत होती. ट्रक दाराशी उभा होता. खेपेला निघायच्या आधी बाप विमानला फाळका कसा लावायचा ते दाखवत होता. विमानने तो उचलला, नीट धरला नाही, आणि फाळका सुटून दाणकन लोखंडावर आदळला. आणि भोंगा वाजला.

काय बोलला ते महत्त्वाचं नव्हतं, आणि ते नीट कळलंही नाही. आवाजच इतका होता. कप्प्यांतली वासरं एकदम उठली आणि भिंतींना जाऊन लागली. एक पुढच्या गुडघ्यांवर पडलं. वजनकाट्यापाशी कुणीतरी हसत म्हणालं, चला, चहा. विमान फाळक्यापाशी उभा होता. तो आडदांड गडी. पण आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं, आणि तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"बोल की," बाप ओरडला. "बोल लवकर."

तिने हातातली बादली खाली ठेवली. दूध थोडं हिंदकळलं. ती शेडच्या दारातून बाहेर आली, लोक बघत होते तिथून चालत गेली आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. लहानपणापासून तयार ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही तिला आठवलं नाही.

"बाबा, वासरं उठली," ती म्हणाली.

त्याने शेडकडे पाहिलं.

"याच्याशीही तसंच बोला."

"कसं?"

"तुम्हाला येतं. मी ऐकलंय." ती थांबली, आणि मग धाकट्याने फोनवर जे सांगितलं होतं, त्याच्या अगदी कडेपर्यंत गेली. "मी एकटीनेच ऐकलेलं नाही."

त्याचा चेहरा तिने इतक्या जवळून किती वर्षांत पाहिला नव्हता. त्यावर राग आधीपासून होताच, तो तसाच राहिला; पण त्याच्यामागून काहीतरी वर आलं आणि नजर आधी त्यानेच वळवली, खाली सांडलेल्या पेंढ्याकडे. वजनकाट्यापाशी आता कुणी हसत नव्हतं. ती हलली नाही. तिला मनातून अजूनही हवं होतं की त्याने ओरडावं.

त्याने तिला वळसा घातला. विमानच्या शेजारी जाऊन उभा राहिला, फाळक्याची एक बाजू स्वतः धरली आणि दुसरी त्याला धरायला खुणावलं. दोघांनी मिळून तो वर उचलला. टेकवताना त्याने विमानचा हात खिट्टीवर नेऊन ठेवला, आणि खाली वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलला.

ते इतकं हळू होतं, की ती दोन हातांवर असूनही तिला ऐकू आलं नाही.